‘नस दबली’ म्हणजे नेमकं काय दबलं?

पाठीचा एमआरआय करून आलेल्या माणसाच्या हातात एक कागद असतो. त्यावर एल-४, एल-५, डिस्क बल्ज, नर्व्ह रूट असे शब्द असतात, आणि घरी पोचेपर्यंत त्या सगळ्याचं एकच वाक्य होतं: ‘नस दबलीये.’ पुढचे प्रश्न मात्र तसेच राहतात. दुखतो तो पाय, मग दोष पाठीत कसा? नस दबली तर रक्त थांबायला नको का? चोळून ती मोकळी होईल का? आणि ‘नसांच्या’ गोळ्या घेतल्या तर बळकट होईल का?

हे प्रश्न मुळीच अडाणीपणाचे नाहीत. गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो, म्हणून आधी शब्द सोडवू.

### एक शब्द, चार वस्तू

आपला एक तळहात वर करून मनगटाकडे नीट बघा. त्वचेखाली निळसर-हिरव्या रेषा दिसतात, त्या शिरा. त्यांतून रक्त हृदयाकडे परत जातं. आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध एक दोरीसारखी वस्तू ताठ उभी राहील. ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी किंवा त्वचेखालच्या पडद्याशी बांधणारी चिवट दोरी. (काहींच्या हातात ही विशिष्ट कंडरा जन्मतःच नसते, त्यात काही बिघडत नाही.) अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवलं तर ठोके लागतात. ती धमनी, हृदयाकडून हाताकडे रक्त नेणारी. आणि त्या मधल्या कंडरेच्या जवळच, थोडा खोल, पांढरट रंगाचा एक चपटा दोर जातो. तो दिसत नाही, ठोकत नाही, पण तळहाताच्या अर्ध्याहून अधिक भागाची संवेदना त्याच्यावर अवलंबून असते. तो मज्जातंतू.

बोलीत या चारही वस्तू ‘नस’च. ‘पायाच्या नसा फुगल्या’ म्हणतो तेव्हा त्या शिरा असतात. ‘नसेवर नस चढली’ म्हणतो तेव्हा काहीच कशावर चढलेलं नसतं. पोटरीचा स्नायू आखडून राहिलेला असतो, ज्याला वांब येणं किंवा गोळा येणं म्हणतात. पाऊल नडगीकडे ओढून धरलं की तो ताणला जातो आणि सुटतो. ‘नस तुटली’ म्हणजे बहुतेक वेळा कंडरा तुटलेली असते. फक्त ‘नस दबली’ यातली नस खरोखर मज्जातंतू असते. चारही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून इथून पुढे ‘मज्जातंतू’ हाच शब्द वापरतो.

### दोरखंडाच्या आत काय असतं

मज्जातंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जाड दोरखंडाचा छेद पाहिल्यासारखा दिसतो. बाहेर एक आवरण, आत अनेक जुड्या, प्रत्येक जुडीला स्वतःचं आवरण, आणि जुडीत शेकडो-हजारो बारीक धागे. या आवरणांमधून केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्याही जातात. त्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

हे धागे म्हणजे चेतापेशींच्या लांब शेपट्या. चेतापेशी हा मज्जासंस्थेचा मूळ घटक. तिचं एक गोल अंग असतं, त्याला निरोप घेणाऱ्या आखूड फांद्या असतात आणि निरोप पुढे नेणारी एक लांब शेपटी असते. या शेपटीला अ‍ॅक्सॉन म्हणतात.

लांबीचा अंदाज येणं फार महत्त्वाचं आहे. पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचं अंग कंबरेच्या वर, पाठीच्या कण्यात असतं आणि तिची शेपटी थेट पायापर्यंत जाते. साधारण १ मीटर लांबीची ही एकच पेशी. अंगाचा व्यास मात्र फार तर मिलीमीटरचा दहावा भाग. ते अंग फुटबॉलएवढं मोठं केलं, तर त्याच प्रमाणात शेपटी दोनेक किलोमीटर लांब होईल.

आणि त्या दोन किलोमीटरच्या टोकाला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्या फुटबॉलमध्ये तयार होतं. शेपटीच्या आत वाहतुकीचे मार्ग असतात. त्यांवरून जलद माल दिवसाला सुमारे ४० सेंटीमीटर जातो, म्हणजे पायापर्यंत पोचायला दोन-तीन दिवस लागतात. जड माल तर दिवसाला काही मिलीमीटरच सरकतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली की मज्जातंतूंचे निम्मे आजार समजायला सोपे जातात. शरीरभर साखर वाढली किंवा पोषण कमी पडलं, तर पहिली झळ सर्वांत लांबच्या शेपटीच्या टोकाला लागते. मधुमेहातल्या मुंग्या म्हणूनच पायाच्या बोटांपासून सुरू होतात, दोन्ही पायांत एकदमच येतात आणि मोजा वर चढवावा तशा हळूहळू वर सरकतात. त्या गुडघ्याच्या आसपास आल्या की हातांच्या बोटांची पाळी येते, कारण लांबीत पुढचा क्रमांक त्यांचा.

### निरोप म्हणजे काय, आणि तो जातो कसा

मज्जातंतूतून वीज वाहते असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. घरातल्या तारेत जशी वीज धावते तसं इथे काही धावत नाही.

चेतापेशीच्या पडद्यात एक पंप सतत चालू असतो. तो दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. हा साठा आणि पडद्यातून होणारी पोटॅशियमची गळती यांमुळे पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. हा झाला ताणलेला धनुष्यबाण. निरोप आला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेवरचा भार क्षणभर उलटा होतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पूर्ववत होतो. पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात. रांगेत उभे केलेले पत्ते एकापाठोपाठ पडत जावेत तसा हा बदल पुढे सरकतो. फरक एवढाच की इथले पत्ते पडल्यावर आपोआप पुन्हा उभे राहतात.

पत्ता पडतो किंवा पडत नाही, अर्धा पडत नाही. म्हणून जोराचा स्पर्श आणि हलका स्पर्श यांचे ठोके, म्हणजे भाराच्या त्या क्षणिक उलटण्या, सारख्याच उंचीचे असतात. जोर कळतो तो ठोके किती दाट आले आणि किती तंतूंमधून आले यावरून. दात काढताना दिलेलं भुलीचं इंजेक्शन नेमकी सोडियमची दारं बंद करतं. दात तसाच ओढला जातो, ओढ जाणवतेही, पण वेदनेचा पत्ताच पडत नाही.

वेगासाठी शरीराने एक सुंदर सोय केली आहे. अनेक अ‍ॅक्सॉनांवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण गुंडाळलेलं असतं आणि त्यात साधारण मिलीमीटरभर अंतरावर छोट्या फटी असतात. निरोप फटीवरून फटीवर उड्या मारत जातो. जाड, वेष्टण असलेल्या तंतूतून तो सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर.

हा फरक प्रत्येकाने अनुभवलेला आहे. पायाचं बोट टेबलाच्या पायावर आपटतं. आपटल्याचं तत्क्षणी कळतं, लगेच एक टोकदार कळ येते, आणि मग एक-दीड सेकंद जातो. त्या दीड सेकंदात ‘आता दुखणार’ हे ठाऊक असतं. मग ती खोल, जळजळती वेदना येते. स्पर्शाचा निरोप जाड तंतूंतून सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात पोचलेला असतो, टोकदार कळ मधल्या वेगाच्या तंतूंतून येते आणि जळजळ बिनवेष्टणाच्या तंतूंतून, माणसाच्या चालीने.

निरोपाला वेग असतो आणि तो मोजता येतो हेच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशक्य वाटत होतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला तेव्हा सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. आज दवाखान्यात होणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी हाच प्रयोग माणसावर करते. हातात साधारण ५० मीटरच्या वर आणि पायात ४० मीटरच्या वर वेग असावा लागतो. वेग पडला तर वेष्टण खराब, आणि वेग ठीक पण निरोपाची उंची कमी झाली तर धागेच कमी झालेत. जीबीएस म्हणून बातम्यांत येणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमच्या नेहमीच्या प्रकारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या वेष्टणावर हल्ला करते, म्हणून काही दिवसांत पायांपासून वर अशक्तपणा चढत जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात असाच हल्ला मेंदू आणि त्याच्याखाली कण्यातून उतरणारा मज्जारज्जू यांतल्या वेष्टणावर होतो.

एका पेशीची शेपटी संपते तिथे दुसरी पेशी तिला चिकटलेली नसते. मधे मिलीमीटरच्या लाखाव्या हिश्शात मोजावी लागेल एवढी बारीक फट असते. निरोप ती फट रसायनाच्या रूपात ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा ठोका बनतो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये हे दाखवलं ते दोन बेडकांच्या हृदयांवर. पहिल्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंदावली आणि त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. तार जोडलेली नसताना निरोप पोचला होता, कारण तो द्रावणात विरघळलेला होता. मेंदूवर परिणाम करणारी बहुतेक औषधं याच फटीत काम करतात.

### खोड आणि फांद्या

मेंदूबद्दल खूप लिहिलं जातं, म्हणून इथे आकड्यांवरच थांबतो. वजन साधारण १.३ ते १.४ किलो, शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या २० टक्के ऊर्जा खाणारा. चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी.

त्याच्याखाली लोंबणारा मज्जारज्जू मात्र या लेखासाठी अधिक महत्त्वाचा. तो जेमतेम ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. तो मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पोकळीत असतात नुसत्या मज्जातंतूंच्या लोंबत्या मुळ्या, घोड्याच्या शेपटीसारख्या. त्यांना वैद्यकात नावही तेच आहे. पाठीतलं पाणी काढायची सुई या पातळीच्या खाली घालतात ती यासाठीच. मुळ्या सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात, रज्जू सरकत नाही.

मज्जारज्जूतून अशा मुळ्यांच्या (कागदावरच्या ‘नर्व्ह रूट’ त्या याच) ३१ जोड्या निघतात आणि थेट मेंदूतून १२ जोड्या. प्रत्येक मुळीला शरीराचा ठरलेला पट्टा वाटून दिलेला आहे. एल-५ म्हणजे कंबरेची पाचवी मुळी. नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागापर्यंत आणि अंगठ्यापर्यंतची त्वचा तिची, आणि अंगठा वर उचलण्याची ताकदही मुख्यतः तिची. एस-१ म्हणजे तिच्या खालची. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी तिची, चवड्यावर उभं राहण्याची ताकद तिची.

मज्जारज्जू म्हणजे नुसता जाण्यायेण्याचा रस्ता नव्हे. गरम भांड्याला हात लागला की हात मागे येतो आणि मग भाजल्याचं कळतं. मागे घेण्याचा हुकूम रज्जूतच निघालेला असतो, मेंदूला फक्त खबर जाते. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा रज्जूतूनच परत फिरणारं असंच एक वर्तुळ तपासतात. पाय उडला तर स्नायू, जाणारा धागा, रज्जूचा तेवढा तुकडा आणि येणारा धागा हे चारही शाबूत. मुळी दबली तर तो झटका मंदावतो. वर रज्जूत किंवा मेंदूत बिघाड असेल तर उलट तो वाढतो, कारण मेंदूचा लगाम सुटलेला असतो. चार पैशांच्या हातोडीला हे दोन्ही ओळखता येतं, याचं आजही अप्रूप वाटतं.

### दुखतो पाय, तर पाठ का तपासता?

दाराची बेल आठवा. बाहेरचं बटण दाबलं तरी बेल वाजते, आणि भिंतीत मधेच कुठे तार घासून चिकटली तरी तीच बेल वाजते. घरातला माणूस दोन्ही वेळा दाराकडेच बघतो. मेंदूचंही असंच होतं. एल-५ च्या वाटेने निरोप आला की मेंदू तो पायातून आला असंच मानतो, मग तो मधे कंबरेत का निघालेला असेना.

कोपर आतल्या बाजूने कशावर तरी आपटतं आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो याचा रोजचा पुरावा. मार कोपराला लागतो, करंगळीला काहीच झालेलं नसतं. तिथे हाडाच्या खोबणीतून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू जवळजवळ उघडा जातो.

आता मणक्यांमधल्या गादीकडे, म्हणजे डिस्ककडे वळू. दोन मणक्यांमधली डिस्क ‘सरकत’ नाही, ती वरखालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते. बाहेर चिवट तंतूंचे थर आणि आत जेलीसारखा गाभा अशी तिची रचना. बाहेरचे थर चिरले की गाभा मागे फुगतो किंवा बाहेर येतो, आणि नेमकी तिथेच मुळी बाहेर पडत असते. हे बहुतेक वेळा कंबरेच्या शेवटच्या दोन डिस्कमध्ये घडतं. गंमत अशी की नुसत्या दाबाने बधिरपणा आणि अशक्तपणा येतो, फारशी वेदना येत नाही. वेदना भडकते ती गाभ्यातल्या द्रव्यांमुळे मुळीला आलेल्या दाहाने. म्हणून फुगवटा तेवढाच असूनही दाह ओसरला की पाय दुखायचा थांबतो. आणि बाहेर आलेला गाभा शरीर बरेचदा स्वतःच शोषून घेतं. अशा पायदुखीतले बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरेच सुधारतात ते यामुळे. अंथरुणाला खिळून राहणं मात्र फायद्याचं ठरत नाही. झेपेल तेवढं चालतं-फिरतं राहिलेलं बरं.

हातातल्या मुंग्या मानेतून येतात की मनगटातून, हे ओळखायची एक नेमकी खूण आहे. मनगटात एका अरुंद बोगद्यातून ९ कंडरा आणि एक मज्जातंतू जातात. कंडरांची आवरणं सुजली की जागा कमी पडते आणि दबतो तो मऊ मज्जातंतू. या मज्जातंतूकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धीच बाजू असते, मधल्या बोटाकडची. दुसरी अर्धी बाजू करंगळीच्या मज्जातंतूची. म्हणून अनामिकेच्या एका कडेला बधिर आणि दुसऱ्या कडेला ठीक लागत असेल, तर दोष बहुधा मनगटात आहे. मानेतली मुळी दबली तर बोट असं उभं चिरल्यासारखं वाटून घेत नाही. रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं हीसुद्धा मनगटाचीच खूण. झोपेत मनगट वाकलेलं राहतं आणि बोगद्यातला दाब वाढतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणं हा पहिला उपाय त्यातूनच आला.

### रोज पाय बधिर होतो आणि सुटतो. मग याला एवढं घाबरायचं कशाला?

पायावर पाय टाकून बराच वेळ बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून जाणारा मज्जातंतू दाबला जातो. त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, धाग्यांना प्राणवायू मिळत नाही, पंप मंदावतो आणि निरोप थांबतो. पाय मोकळा केला की रक्त परत येतं. सावरताना धागे स्वतःहूनच वेडेवाकडे ठोके सोडू लागतात. त्याच मुंग्या. पाच-दहा मिनिटांत सगळं जागेवर.

तोच दाब तासन्‌तास राहिला तर गोष्ट वेगळी होते. ब्रिटिश शल्यचिकित्सक सर हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये केलेले मज्जातंतूच्या इजेचे तीन टप्पे आजही वापरात आहेत. पहिल्यात धागे अखंड असतात, फक्त तेवढ्या जागी वेष्टण खराब होतं आणि निरोप अडतो. गाढ झोपेत दंड खुर्चीच्या पाठीवर दाबला गेला आणि सकाळी मनगट उचलता येईना, तर बहुतेक वेळा हे असतं. काही आठवड्यांत ते भरून येतं. दुसऱ्यात धागे तुटतात पण आवरणाच्या नळ्या शाबूत राहतात. तिसऱ्यात सगळा दोरखंडच तुटतो आणि टोकं शिवल्याशिवाय भरून येण्याची आशा नसते.

दुसऱ्या टप्प्यात तुटलेल्या जागेपुढची शेपटी मरते आणि अंगाकडचं टोक जुन्या नळीतून पुन्हा वाढू लागतं. वेग दिवसाला साधारण १ मिलीमीटर. गणित साधं आहे. दंडात तुटलेला मज्जातंतू, तिथून तळहातापर्यंत ५० सेंटीमीटर, म्हणजे ५०० दिवस. दरम्यान तळहातातले छोटे स्नायू निरोपाविना वाळत जातात, आणि साधारण दीड वर्षापलीकडे ते निरोप पोचूनही फारसे उठत नाहीत. काचेने किंवा पात्याने हात कापला गेला आणि पलीकडचं बोट बधिर लागलं, तर वरची जखम शिवून गप्प बसू नये असं आग्रहाने सांगावंसं वाटतं ते यासाठी. इथे वाया गेलेला प्रत्येक महिना ३ सेंटीमीटरची वाट असतो.

मेंदू आणि मज्जारज्जूतले धागे मात्र असे वाढत नाहीत. हातापायांतल्या वेष्टणाच्या पेशी तुटलेल्या धाग्याला वाट करून देतात. मेंदू-रज्जूतल्या वेष्टणात उलट वाढ रोखणारे घटक असतात, आणि इजेच्या जागी चट्टाही तयार होतो. तिथे जी सुधारणा होते ती बहुतांशी उरलेल्या जाळ्याने काम वाटून घेतल्यामुळे. वारंवार केलेल्या व्यायामाचं महत्त्व त्यातच आहे.

### एमआरआयमध्ये दबलेलं दिसतंय, ते काय खोटं?

खोटं नाही, पण ते एकटं पुरेसंही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांच्या पाठीच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. डिस्क बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा, विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीच्या वयातल्या ८४ टक्के लोकांत सापडला. पन्नाशीतला आकडा ६० टक्के. म्हणजे पन्नाशीच्या ठणठणीत माणसाचा एमआरआय काढला तरी त्यावर ‘बल्ज’ लिहून येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त.

अर्थ लागतो तो जुळणीने. चित्रात डावीकडे एल-५ ची मुळी दबलेली आहे, आणि दुखणंही डाव्या पायात, नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत आहे, अंगठा वर उचलताना ताकद कमी पडते आहे, तर जुळलं. चित्र डावीकडचं आणि दुखणं उजवीकडचं असेल तर त्या फुगवट्याला हात लावण्यात काय हशील? म्हणून डॉक्टरकडे जाताना फाइलइतकाच उपयोगी पडतो तो एक साधा कागद. त्यावर पायाची पुढची-मागची बाजू काढा, दुखतं तिथे रेघा मारा, बधिर आहे तिथे ठिपके द्या, आणि कशाने वाढतं तेही लिहा: बसल्याने, खोकल्याने की चालल्याने.

### चोळून, गोळ्या घेऊन ‘नस’ मोकळी होते का?

कंबरेतली मुळी त्वचेपासून कित्येक सेंटीमीटर आत, हाडाच्या कमानीखाली असते. बाहेरून चोळून तिच्यावरचा दाब निघत नाही. चोळल्याने भोवतीचे आखडलेले स्नायू सैलावतात आणि बरं वाटतं, तेवढा उपयोग खरा आहे. मान किंवा कंबर झटक्याने मोडून घेणं मात्र टाळावं, विशेषतः हातापायाला अशक्तपणा आला असेल तर.

गोळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बी-१२ जीवनसत्त्व मायलिन टिकवण्यासाठी लागतं. ते कमी पडलं तर पायांत मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, आणि वेळेत भरपाई झाली नाही तर मज्जारज्जूचंही कायमचं नुकसान होतं. मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच न घेणारे, पोटाची काही ऑपरेशनं झालेले आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणारे यांच्यात ही उणीव जास्त आढळते. अशा माणसाने नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहतं. बी-१२ नीट असेल तर मात्र वरून घेतलेल्या गोळीने मज्जातंतू ‘बळकट’ होत नाहीत. उलट बी-६ जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर ते स्वतःच मज्जातंतू खराब करतं आणि पायांत मुंग्या आणतं. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांत तेच जीवनसत्त्व असतं आणि बेरीज कुणी करत नाही. पाकिटाच्या मागे बघून ती बेरीज आधी करा.

मधुमेहात खरी भीती वेदना जाण्याची असते. दुखणारा पाय माणूस जपतो. न दुखणाऱ्या पायात खडा दिवसभर बुटात राहतो, फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि कळत काहीच नाही. रोज झोपण्याआधी तळवे डोळ्यांनी बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, कोपराने तपासायची. वर्षातून एकदा तरी १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासून घ्यायची. या तपासणीला दोन-तीन मिनिटं लागतात.

### कधी एक दिवसही थांबायचं नाही

बहुतेक मुंग्या आणि पायदुखी थोडे दिवस वाट पाहण्याजोगी असते. चार गोष्टी तशा नाहीत.

अचानक चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, एक हात पडणं, बोलणं अडखळणं. ही मुंगी नव्हे, मेंदूचा झटका आहे. मेंदूच्या एका बाजूचे हुकूम खाली येताना बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूतली गुठळी उजवा हात पाडते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा नीट दिसला त्या क्षणापासून.

काही दिवसांत दोन्ही पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा, जीबीएससारखा. छातीच्या स्नायूंपर्यंत तो पोचला तर श्वास अडतो.

पाऊल वर उचलता न येणं, चालताना चवडा जमिनीला घासणं. दुखणं अचानक थांबलं आणि पाऊल मात्र पडलं, तर ती सुधारणा समजू नये. मुळीने निरोप देणंच सोडलेलं असू शकतं.

आणि चौथी, जी लाजेपोटी सर्वांत उशिरा सांगितली जाते. पाठदुखीबरोबर मांड्यांच्या आतली बाजू आणि बसायची जागा बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा झालेली न कळणं. घोड्याच्या शेपटीतल्या सगळ्याच मुळ्या एकदम दबल्याची ही खूण असते. मूत्राशय आणि गुदद्वाराचे धागे त्यांतच असतात. दाब काढायला जितका उशीर, तितकी ती संवेदना परत येण्याची शक्यता कमी. डॉक्टरला फोनवर नुसतं ‘नस दबलीये’ न सांगता ‘बसायची जागा बधिर आहे आणि लघवी होत नाहीये’ हे याच शब्दांत सांगावं, आणि रात्र असली तरी निघावं.